बदनाम वस्तीतलं स्वस्त घर भाड्यासाठी घेताना

जळगाव, भुसावळ, धुळे, कुठेही पाहा, भाव पडलेला एखादा भाग असतोच. तिथलं घर सोळा लाखांत मिळतं, भाडं सात हजार. चांगल्या कॉलनीत तसंच घर सव्वीस लाखांना, भाडं साडेआठ हजार. कागदावर पहिलं किमतीच्या वर्षाला सव्वापाच टक्के देतं, दुसरं चारच्या आत. बहुतेकांचा हिशोब इथेच थांबतो, तो पुढे न्यायचा.

पहिल्याचे वर्षाचे ८४,००० घ्या. दोन महिने घर रिकामं म्हणजे १४,००० गेले, एक महिन्याचं भाडं बुडालं ७,०००. कुलूप, ग्रिल, चोरीला गेलेली पाण्याची मोटर यांचे १०,००० आणि घरपट्टी-पाणीपट्टीचे ५,००० धरा. उरले ४८,०००, म्हणजे तीन टक्के. दुसऱ्याचे १,०२,०००, त्यातून पंधरा दिवस रिकामं, ५,००० दुरुस्ती आणि ६,००० कर वजा केले तर ८६,७५०, म्हणजे ३.३ टक्के. आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्या गल्लीचे तुम्ही घाला. सगळा खेळ रिकाम्या महिन्यांचा आहे.

‘एरिया खराब आहे’ एवढ्यावर काही ठरत नाही. गुन्हा कुठला, ते बघा. घरफोडीवर लोखंडी दरवाजा, ग्रिल, कॅमेरा असा इलाज आहे. खानदेशात घरफोडीचा मोसमही ओळखीचा: आखाजीला (अक्षय्य तृतीयेला), लग्नसराईत घरं बंद असतात आणि मे महिन्यात माणसं गच्चीवर झोपतात, खालचं दार नुसतं लोटलेलं. म्हणून जिन्याला स्वतंत्र जाळीचं दार लावा. पण कोपऱ्यावर सट्ट्याचा किंवा गावठी दारूचा अड्डा असेल, टोळक्यांची हाणामारी रोजची असेल, तर ग्रिल लावून उपयोग नाही. तिथे कुटुंबवाला भाडेकरू टिकत नाही. असं घर सोडून द्यावं, भाव कितीही पाडला तरी.

हे कळायचं कसं? महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर जिल्हा, पोलीस ठाणे आणि तारखा टाकून प्रसिद्ध केलेले एफआयआर पाहता येतात. ठाण्याची हद्द मोठी असते, म्हणून घटनास्थळ वाचा, नाहीतर दोन किलोमीटरवरची भांडणं या गल्लीच्या नावावर मांडाल. महिलांवरील अत्याचारांसारखे संवेदनशील गुन्हे तिथे नसतात, तेव्हा यादी कोरी म्हणून निर्धास्त होऊ नका. मग शनिवारी रात्री दहानंतर चक्कर मारा. रिक्षावाला त्या वेळी आत यायला तयार होतो का, बघा. किराणा दुकानदाराला विचारा: उधारी कितपत बुडते, या घरातला मागचा भाडेकरू का गेला? आणि नळाला पाणी किती दिवसांनी येतं? भाडेकरू पळवण्यात पाणीही चोरांच्या मागे नाही.

कागद मात्र नेहमीपेक्षा कडक तपासा. भाव पडलेल्या भागात गुंठेवारीचे (मंजुरीशिवाय तुकडे पाडून विकलेले), नुसत्या नोटरीवर विकलेले प्लॉट हमखास सापडतात. बिनशेतीचा आदेश, सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, सूची क्रमांक दोन (नोंदणी झालेल्या खरेदीचा उतारा), घरपट्टीची पावती हे सगळं हातात हवं. महावितरणचं शेवटचं बिल मागा. थकबाकी राहिली तर नवीन जोडणी तिथेच अडते. मीटरचं सील तुटलेलं दिसलं तर व्यवहाराआधीच निस्तरायला लावा.

घेतलंच, तर भाडेकरार नोंदवून घ्या. ‘अकरा महिन्यांचा आहे, नोटरी चालते’ हे महाराष्ट्रात चालत नाही. भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, नसेल तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वर वाद झाला तर मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत भाडेकरू सांगेल त्याच अटी धरल्या जातात. लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीपुरतं नुसतं राहायची परवानगी देणारा करार नोंदलेला असेल, तर मुदत संपूनही न हलणाऱ्यासाठी कलम २४ कामाला येतं: सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज आणि ठरलेल्या रकमेच्या दुप्पट भरपाई.

भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्या आणि पोच जपून ठेवा. उद्या त्या खोलीत पत्त्यांचा क्लब निघाला, तर पहिला फोन तुम्हालाच येईल.