बुलपेनमधला दिवस कसा काढावा

बेसबॉलमध्ये सामना सुरू करणाऱ्या पिचरचं (चेंडू टाकणाऱ्याचं), म्हणजे स्टार्टरचं, काम सुटून नुकताच बुलपेनमध्ये, म्हणजे मधेच बोलावले जाणारे पिचर बसतात आणि अंग तापवतात तिथे, आलेल्या पिचरसाठी हे लिहितोय. मी मायनर लीगमध्ये, म्हणजे मेजर लीगच्या खालच्या पायरीवर, रिलीफ पिचर (मधेच येऊन टाकणारा) होतो, आता त्याच बाकावर कोच म्हणून बसतो. नवीन आलेला प्रत्येक जण विचारतो की नवव्या, म्हणजे शेवटच्या इनिंगमध्ये धीर कसा धरायचा. मला काळजी असते ती दुपारी मैदानावर आल्यापासून मॅनेजरचा बुलपेनमधला फोन वाजेपर्यंतच्या वेळेची, आणि नंतर हॉटेलवर परतल्यानंतरच्या रात्रीची. इनिंग थोड्या वेळात आटपते. माणूस खचतो तो उरलेल्या वेळात.

स्टार्टरला आपली पाळी कधी आहे हे आधीच ठाऊक असतं. तुला सहावी इनिंग संपली तरी आज काम आहे की नाही हे कळलेलं नसतं, आणि मेजर लीगचा सीझन 162 सामन्यांचा. म्हणून आधी अंदाज बांधायला शीक. स्कोअर काय, आपल्या स्टार्टरचे चेंडू किती झाले, समोरच्या लाइनअपमधले कोणते तीन-चार बॅटर तुझ्या हातासाठी (डाव्या की उजव्या) ठेवलेले असतील, हे बघत राहा. मॅनेजर फोन उचलायच्या आधी तुला कळलं पाहिजे की फोन तुझ्यासाठी आहे. पहिल्या तीन-चार इनिंग मात्र मन मोकळं ठेव. गप्पा मार, बिया चघळ. पहिल्या चेंडूपासून दात आवळून बसणारा माणूस आठव्या इनिंगला आधीच थकलेला असतो. पाचव्या इनिंगपासून अंग ताणायला घे, रोज त्याच क्रमाने. घाबरलेल्या दिवशी डोकं चालत नाही, पण अंगाला क्रम पाठ असतो.

आता ज्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही ते. फोन वाजला, तू उठलास, अंग तापवलंस, आणि तेवढ्यात आपल्या बॅटरांनी चार रन काढले, की तुझी गरज संपली, बस खाली. पुढच्या इनिंगला पुन्हा ऊठ, पुन्हा बस. स्कोअरकार्डावर याची नोंद नाही, खांद्यात आहे. एक वही ठेव आणि त्यात बुलपेनमधला प्रत्येक जोराचा चेंडू लिही. सलग दोन रात्री उठून बसला असशील तर तिसऱ्या दिवशी कोचला आकडा सांग. ‘हात कसा आहे?’ याला ‘उत्तम’ असंच उत्तर द्यायची बुलपेनमध्ये जुनी रीत आहे, आणि तिच्यापायी चांगले हात वाया गेलेले मी पाहिलेत. अंग कमी चेंडूंत तापवायचीही सवय कर. आधी हलके, मग वेग वाढवत, शेवटचे दोन अगदी सामन्यात टाकशील तसे. तिथे एखादा चेंडू वाकडा गेला म्हणून आणखी पाच टाकत बसू नकोस.

माउंडवर, म्हणजे पिचर जिथून टाकतो त्या उंचवट्यावर, आल्यावर वेळ तुझ्या हातात नसते. 2023 पासून मेजर लीगमध्ये पिच क्लॉक आहे, म्हणजे चेंडू टाकायला ठरावीक वेळ. बेस रिकामे असतील तर 15 सेकंद, रनर असेल तर 2024 पासून 18. पूर्वी पिचर माउंडमागे चक्कर मारायचा, रोझिनची (हाताला पकड देणाऱ्या पावडरीची) पिशवी उचलायचा, आकाशाकडे बघायचा. आता एका बॅटरमागे दोनदाच रबरवरून (माउंडवरच्या पट्टीवरून) पाय काढता येतो. तिसऱ्यांदा काढलास आणि रनर बाद झाला नाही, तर बॉक, म्हणजे नियमभंग, आणि रनर एक बेस पुढे. तेव्हा तुझा सगळा धीर त्या काही सेकंदांत बसवावा लागतो. मी पोरांकडून असं करून घेतो: चेंडू हातात आला की एक लांब श्वास सोडायचा, आधीचा चेंडू कसा गेला त्याबद्दल जो राग असेल तो त्या श्वासात. मग कॅचरची खूण. मग कॅचरच्या ग्लव्हमधली एकच जागा, आख्खा ग्लव्ह नाही. बस. मनाशी म्हणायचं वाक्य लागत असेल तर ते कामाचं असू दे, ‘खाली ठेव’ किंवा ‘आतल्या बाजूला’. ‘वॉक नको’ (वॉक म्हणजे चार वाईट चेंडूंमुळे बॅटरला फुकट मिळणारा बेस) म्हणालास की डोक्यात वॉकच राहतो.

2020 चा नियमही ध्यानात असू दे. आत आलास की किमान तीन बॅटर, नाहीतर इनिंग संपेपर्यंत. पहिल्याला वॉक दिलास तरी कुणी सोडवायला येणार नाही. मला हा नियम आवडत नाही, पण त्याने एक बरं झालं: डगआउटकडे (मॅनेजर बसतो तिकडे) बघत राहायची पोरांची सवय गेली.

आकड्यांबद्दल थोडक्यात. बेसवर आधीपासून असलेले रनर तू घरी (होम प्लेटवर) येऊ दिलेस, तर ते रन आधीच्या पिचरच्या नावावर लागतात. तुझा ईआरए (नऊ इनिंगमागे पिचरच्या नावावर लागणाऱ्या रनांची सरासरी) स्वच्छ, आणि सामना गेलेला. बुलपेनमध्ये मात्र सगळ्यांना माहीत असतं कुणी काय केलं. त्यामुळे ईआरए बघून खूश होऊ नकोस, आणि तो बिघडला म्हणून रडूही नकोस.

सामना गेला ती रात्र. 1988 च्या वर्ल्ड सिरीजच्या (मेजर लीगच्या अंतिम मालिकेच्या) पहिल्या सामन्यात रिलीफ पिचर डेनिस एकर्स्लीला कर्क गिब्सनने होमरन मारला, आणि गिब्सनला धड चालताही येत नव्हतं. एकर्स्ली लॉकरपाशी उभा राहिला आणि पत्रकारांचे प्रश्न संपेपर्यंत उत्तरं देत राहिला. 1992 मध्ये साय यंग (सर्वोत्तम पिचर) आणि एमव्हीपी (सर्वात मोलाचा खेळाडू) दोन्ही पुरस्कार त्याला मिळाले. तू पण उभा राहा. कुठला चेंडू होता, कुठे टाकायचा होता, कुठे गेला, एवढं सांग. ट्रेनरच्या खोलीत लपलास, तर तीच उत्तरं पहाटेपर्यंत स्वतःला देत बसशील.

मग फोन. तो त्या रात्री उघडायचाच नाही. खेळावरच्या सट्ट्याला 2018 नंतर अमेरिकेतल्या एकेका राज्याने परवानगी दिली, आणि तेव्हापासून तुझ्या वॉकमुळे कुणाचे तरी पैसे बुडतात. असे लोक शिव्यांवर थांबत नाहीत, बायकामुलांपर्यंत जातात. 1993 च्या वर्ल्ड सिरीजमध्ये रिलीफ पिचर मिच विल्यम्सला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या होत्या, तेव्हा तर समाजमाध्यमं नव्हतीच. धमकी आली तर स्वतः वाचत बसू नकोस, टीमच्या सुरक्षा अधिकाऱ्याकडे दे. तुझं खातं घरातल्या दुसऱ्या कुणी सांभाळलं तर उत्तम. व्हिडिओ दुसऱ्या दिवशी दुपारी, कोचबरोबर, एकदाच. आणि त्याच दिवशी कोचला सांगून ठेव की आज मला लवकर घाला.

2001 ची वर्ल्ड सिरीज अधूनमधून आठवत जा. रिलीफ पिचर ब्युंग-ह्युन किमने लागोपाठ दोन रात्री नवव्या इनिंगमध्ये आघाडी घालवली, तरी त्याची टीम जिंकली. कारण सातव्या सामन्यात समोरच्या मारियानो रिव्हेराकडूनही आघाडी गेली. तोच रिव्हेरा पुढे 652 सेव्हवर (आघाडी राखून संपवलेल्या सामन्यांवर) थांबला. रिलीफ पिचर ब्रॅड लिजचंही तसंच. 2005 मध्ये बॅटर पुहोल्सने त्याला मारलेला होमरन लोक अजून दाखवतात. 2008 मध्ये सीझन आणि प्लेऑफ (सीझननंतरचे बाद फेरीचे सामने) मिळून 48 पैकी 48 सेव्ह त्याने केले, ते फारसं कुणी दाखवत नाही.

घरचं गणितही कच्चं ठेवू नकोस. ऑप्शन (टीमला तुला मेजरमधून मायनर लीगमध्ये पाठवायची मुभा) शिल्लक असेल तर एका सीझनमध्ये तुला पाच वेळा खाली पाठवता येतं. ताजा हात हवा म्हणून, काही चूक नसताना पाठवतात. 2023 मध्ये मेजर लीगचा किमान पगार वर्षाला 7,20,000 डॉलर होता, त्याच्या लगेच खालच्या ट्रिपल-ए लीगचा 35,800. मेजर लीग टीमच्या 40 जणांच्या रोस्टरवर (खेळाडूंच्या यादीत) असलास तर खालीही बरे पैसे मिळतात, पण वरचा पगार दिवसाच्या हिशेबाने असतो. तेव्हा खर्च कायम खालच्या पगारावर बेत. जोडीदाराशी आधीच ठरव, की पाठवणी झाली तर सामान कोण बांधणार, मुलं कुठे राहणार. हे भांडण विमानतळावर करू नये.

शेवटी, जे श्वासाने जात नाही त्याबद्दल. 1986 च्या प्लेऑफमध्ये होमरन खाल्ल्यानंतर रिलीफ पिचर डॉनी मूरला लोकांनी सोडलं नाही. 1989 मध्ये त्याने बायकोवर गोळी झाडून आत्महत्या केली, ती वाचली. एका चेंडूने हे झालं असं म्हणतात, मला ते पटत नाही. त्या घरात बरंच काही आधीपासून बिनसलेलं होतं. याउलट रिलीफ पिचर डॅनियल बार्ड. चेंडू कुठे जाईल याचा भरवसा गेला, 2017 मध्ये त्याने खेळ सोडला, दुसऱ्या टीमच्या पोरांना मानसिक तयारीत मदत करायला लागला, आणि 2020 मध्ये मेजर लीगमध्ये परतला. 2023 च्या सुरुवातीला चिंता वाढली तेव्हा कारण न लपवता तो इंजर्ड लिस्टवर (जखमी-आजारी खेळाडूंच्या यादीवर) गेला. म्हणजे ती वाट आहे, आणि तुलाही खुली आहे.

ती घ्यायची झाली तर ट्रेनरला ‘जरा बरं वाटत नाही’ असं मोघम सांगू नकोस. झोप किती तास लागते, किती दिवसांपासून, जेवण जातं का, सामन्यानंतर किती पितोस, फोन वाजला की हात थरथरतो का. कोपर दुखल्यावर जसं बोट ठेवून दाखवतोस, तसं सांग. त्यावरूनच त्याला ठरवता येतं की तुला दोन दिवस बाजूला ठेवायचं की लिस्टवर घालून डॉक्टरकडे पाठवायचं.