चढावर रिकम्बंटचं हँडल डोलायचं, ते असं आवरलं

पाठ टेकून, पाय पुढे करून चालवायची माझी रिकम्बंट सायकल पुढच्या चाकाने ओढते. क्रँक, म्हणजे पायडल बसवलेला दांडा, तोही हँडलबरोबर वळतो. त्यामुळे उजवा पाय दाबला की हँडल डावीकडे, डावा दाबला की उजवीकडे ढकललं जातं. मरीन ड्राइव्हवर जेमतेम जाणवायचं; पेडर रोडच्या चढाला मात्र चक्क नागमोडी. मागे बेस्टची बस, विचारूच नका!

ही जातच 1934 मध्ये यूसीआयने, म्हणजे आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने, शर्यतींतून बाद केलेली, त्यामुळे कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे इलाज कुठला असणार? घरीच केला. अरुंद हँडल काढून रुंद बसवलं. आता पायाचा झटका हाताच्या हलक्या ओढीने आवरतो. पाय पार ताठ होऊन कंबर हलायची, म्हणून सीट थोडी पुढे घेतली.

खरा फरक पडला तो गिअरने. चढ लागायच्या आधीच हलका गिअर टाकायचा आणि भराभर पायडल मारायचं. प्रत्येक दाबात जोर कमी, म्हणून झटकाही कमी. मूठ मात्र आवळायची नाही, खांदे ताठले की डोलणं परत सुरू. एका हाताने पाण्याची बाटली काढणं चढावर अजून जमत नाही, सिग्नललाच पितो.