बाथरूमला मध्यम छटेचा रंग निवडताना

आमच्या पुण्याच्या फ्लॅटमधलं बाथरूम पाच बाय सात, खिडकी एकच, तीही डक्टकडे. तिथे पांढरा रंग कायम मळकट दिसायचा, म्हणून मी मध्यम छटेकडे वळले. शेडकार्डाच्या पट्टीवरच्या मधल्या छटा बघा, पण दुकानात ठरवू नका. छोटा डबा आणून पुठ्ठ्यावर दोन हात मारा, वाळू द्या आणि टाइल्सला टेकवून सकाळी, मग रात्री दिवा लावून पाहा. माझा लाडका धुरकट निळा पिवळ्या दिव्याखाली चक्क शेवाळी झाला. फिकट विटकरी मात्र खुलला. चारही भिंतींवर रंग कार्डापेक्षा गडद वाटतो, त्यामुळे शंका असेल तर एक पायरी फिकी घ्या. फिनिश सॅटिनच, म्हणजे हलकी चमक असलेलं; पुसता येतं. भिंतीत ओल असेल तर आधी ती काढा.