संगणकातला कास्तकार मुर्द्यासारखा का पाहतो, आणि ते कसं टाळायचं

गुलाबी बोंडअळीच्या सल्ल्याचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ करायचा, त्यात यवतमाळकडचा साठीचा कास्तकार बोलताना दाखवायचा. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये चेहरा तयार होतो, आणि गावात दाखवला की पहिला शेरा येतो: "सारं बराबर हाये, पन मुर्द्यावानी पाह्यते."

यालाच अनकॅनी व्हॅली म्हणतात: आकृती माणसासारखी होत जाते तशी आपलीशी वाटत जाते, पण जवळजवळ हुबेहूब झाली की आपलेपणा एकदम दरीत कोसळतो. जपानचे रोबोतज्ज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्ये ही कल्पना मांडली. तान्ह्या पोळ्याच्या लाकडी नंदीकडून कुणी श्वासाची अपेक्षा करत नाही; पण कातडीवरची छिद्रं दिसू लागली की पाहणारा बाकीचाही हिशोब मागतो. हालचाल आली की ही दरी आणखी खोल होते, असं मोरींनीच म्हटलंय. त्यामुळे स्थिर चित्र जमलं म्हणून लगेच खूश होऊ नका.

आधी डोळे. निम्मा वेळ इथेच घाला. डोळ्याचा गोळा २४ मिमी व्यासाचा ठेवा. त्यावर दुसरा पारदर्शक थर द्या, बुबुळासमोर थोडा फुगलेला, आयओआर (अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वाकतो ते) १.३७६. वरच्या पापणीने बुबुळाची वरची कड १-२ मिमी झाकलीच पाहिजे. पूर्ण वर्तुळ दिसलं की माणूस दचकलेला वाटतो. पांढरा भाग शुद्ध पांढरा नको. उन्हाधुळीत राबणाऱ्याचे डोळे पिवळसर असतात, कोपऱ्यात लाल. खालच्या पापणीच्या काठाला ओलाव्याची बारीक पट्टी वेगळ्या मेशने (थ्रीडी आकाराच्या जाळीने) लावा. ती विसरली की डोळा कातडीत बसवलेल्या गोटीसारखा दिसतो.

कातडी मेणासारखी दिसत असेल तर सबसरफेसचं, म्हणजे कातडीच्या आत शिरून पसरणाऱ्या उजेडाचं, स्केल तपासा. ०.०५ म्हणजे ५ सेंटिमीटर, खऱ्या मापाच्या डोक्याला ते फारच झालं. ०.००३ ते ०.००५ वर आणा. लाल, हिरवा, निळा यांची १.०, ०.२, ०.१ ही त्रिज्या चालते. रफनेस (खरखरीतपणा; तो कमी तर चकाकी जास्त) सगळीकडे एकच नको: नाक-कपाळाला ०.३५, गालांना ०.५ च्या आसपास. सावळ्या चेहऱ्यावर चकाकी आधी डोळ्यात भरते, म्हणून हा नकाशा मन लावून रंगवा.

आता एक चूक जवळजवळ सगळेच करतात. डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या तळाशी काळ्या रंगवतात. उन्हात डोळे बारीक करून काम करणाऱ्याच्या सुरकुतीच्या तळाशी ऊन पोहोचतच नाही. चेहरा सैल पडला की तिथे उजळ रेघा दिसतात. दुपट्ट्याखालचं कपाळही तसंच उजळ. दात टूथपेस्टच्या जाहिरातीतले नकोत; खर्रा खाणारा असेल तर हिरड्यांजवळ तपकिरी डाग द्या. चेहऱ्याच्या दोन्ही बाजू अगदी सारख्या नकोत: मिरर मॉडिफायर (एक बाजू आरशासारखी दुसरीकडे उमटवणारी सोय) अप्लाय करून एक भुवई २ मिमी खाली ओढा.

हालचालीत, सेकंदाला २४ फ्रेमच्या (चित्रांच्या) हिशोबाने, पापणी २-३ फ्रेममध्ये मिटते, एक फ्रेम बंद राहते, ४-५ फ्रेममध्ये उघडते. उघडणं सावकाश असतं, आणि दोन उघडझापींमधलं अंतर कधीच सारखं नसतं. मान वळवायची तर आधी डोळे, २-४ फ्रेमनंतर डोकं.

ओठांचं काम, ते आवाजाशी जुळवणाऱ्या स्वयंचलित साधनावर पूर्ण सोडू नका. प, ब, भ, म ला ओठ खरोखर मिटलेत का, एकेक फ्रेम पाहा. ओठांची की (त्या फ्रेमवरची हालचालीची नोंद) आवाजाच्या १-२ फ्रेम आधी ठेवा. आवाज वऱ्हाडी असेल तर त्या साधनाला द्यायची संहिताही तशीच टाइप करा. तो "डोया" म्हणतो आणि तुम्ही "डोळा" लिहिलं, तर ळ साठी जीभ उगाच मागे वळते, आणि ते उघड्या तोंडात दिसतं.

दोष कुठे आहे ते कळत नसेल तर स्क्रीनवर डोळे हाताने झाका. अस्वस्थपणा गेला तर डोळे चुकलेत. आवाज बंद केल्यावर गेला तर ओठ. तरीही जमेना तर छिद्रं काढून टाका, चेहरा सरळ चित्रासारखा करा. मोरींनीही हुबेहूब माणसाच्या मागे लागण्यापेक्षा दरीच्या अलीकडचं शिखर गाठायला सांगितलं होतं. ही हार नव्हे, आणि कामही लवकर उरकतं.

रेंडर (संगणकाने काढलेली अंतिम चित्रं) थेट व्हिडिओत काढू नका. प्रत्येक फ्रेमची वेगळी पीएनजी चित्रफाइल काढा आणि आउटपुटमधलं ओव्हरराइट (आधीच्या फाइलवर पुन्हा लिहिणं) बंद ठेवा. रात्री लाइन गेली तरी झालेल्या फ्रेम शाबूत राहतात, आणि लाइन आल्यावर रेंडर पुन्हा लावलं की तिथूनच पुढे सुरू होतं. फक्त त्याआधी शेवटची फ्रेम उघडून पाहा. अर्धवट असेल तर तेवढी डिलीट करा.