प्रोस्टेटची गोळी आणि ‘ताकद गेली’ची धास्ती : या चुका टाळा

नारायण पेठेत आमचं औषधांचं दुकान आहे. संध्याकाळी काही काका बाजूला उभे राहून गर्दी ओसरायची वाट बघतात. काउंटर मोकळं झालं की हळू आवाजात विचारतात, “ती लघवीची गोळी सुरू केल्यापासून ताकदच गेलीय. बंद करू का?”

मी आधी उलट विचारतो : काका, नेमकं काय बदललंय? इच्छा होत नाही, ताठरता येत नाही, की वीर्य येत नाही? या तीन वेगळ्या तक्रारी आहेत, आणि बऱ्याचदा वेगवेगळ्या औषधांच्या. सगळ्यांना मिळून ‘ताकद गेली’ म्हणणं हीच सगळ्यात मोठी चूक. डॉक्टरांनाही मग काय बदलायचं ते कळत नाही.

टॅमसुलोसिन, सिलोडोसिन ही औषधं प्रोस्टेटचे (पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीचे) आणि मूत्राशयाच्या तोंडाचे स्नायू सैल करतात, म्हणून काही दिवसांतच धार सुधारते. त्याच परिणामामुळे वीर्य कमी येतं, मागे मूत्राशयात जातं किंवा येतच नाही. ताठरता आणि सुखाची जाणीव बहुधा तशीच राहते. यात शरीराला इजा नाही, पण आधी कुणी सांगितलेलं नसलं की माणूस हादरतो. सिलोडोसिनमध्ये हे सर्वांत जास्त दिसतं. चाचण्यांत १०० पैकी साधारण २८ जणांना झालं. टॅमसुलोसिनमध्ये कमी, अल्फुझोसिनमध्ये आणखी कमी. गोळी थांबवली की सहसा पूर्ववत होतं, त्यामुळे औषध बदलून मागता येतं. मूल हवं असेल तर हे डॉक्टरांना सुरुवातीलाच सांगा.

फिनास्टेराइड आणि ड्युटास्टेराइडचं काम निराळं. ती हार्मोनवर परिणाम करून ग्रंथी लहान करतात, आणि गुण यायला तीन ते सहा महिने लागतात. इच्छा मंदावणं, ताठरता कमी होणं हे मुख्यतः यांच्यामुळे. बहुतेकांचं औषध थांबवल्यावर सुधारतं. काहींनी मात्र नंतरही त्रास राहिल्याचं कळवलं आहे, म्हणून ‘बघू पुढे’ म्हणत महिनोन्‌महिने गप्प बसू नका. याच औषधांनी रक्तातला पीएसए (प्रोस्टेटच्या कॅन्सरची शंका तपासायला मोजतात तो घटक) साधारण निम्मा होतो. तपासणीच्या वेळी गोळी चालू असल्याचं सांगितलं नाही, तर रिपोर्ट खोटा दिलासा देतो.

स्ट्रिपच्या मागचा बारीक मजकूर जरूर वाचा. टॅमसुलोसिन आणि ड्युटास्टेराइड एकाच कॅप्सूलमध्येही मिळतात. आपण दोन औषधं घेतोय हे पुष्कळांना ठाऊकच नसतं.

आता मला खरी काळजी वाटते ती पुढच्या दोन गोष्टींची. एक, मनानेच गोळी बंद करणं. त्रास परततो, आणि काहींची लघवी अचानक पूर्ण अडते. मग रात्री-अपरात्री रिक्षा शोधायची आणि दवाखान्यात नळी घालून घ्यायची. दुसरी, मित्राने दिलेली ‘पॉवर’ची गोळी. छातीत दुखण्यासाठी सॉर्बिट्रेट किंवा दुसरं नायट्रेट चालू असेल, तर अशा गोळ्यांतलं सिल्डेनाफिल, टाडालाफिल अजिबात चालत नाही. रक्तदाब जिवावर बेतेल इतका कोसळू शकतो. टॅमसुलोसिनसारख्या गोळीबरोबरही चक्कर येऊ शकते. गंमत नाही ही. खरं तर टाडालाफिल ५ मिलिग्रॅम रोज ही लघवीच्या याच त्रासावर दिली जाणारी गोळी आहे. काहींचे दोन्ही प्रश्न तिने हलके होतात, पण ती कुणाला चालेल हे डॉक्टरांनीच ठरवायचं.

सगळा दोष प्रोस्टेटच्या गोळीवरही टाकू नका. मधुमेहाचा आजार आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या हेही ताठरतेवर परिणाम करतात. तक्रार आधीची की नंतरची, हे तारखा लावून बघा.

डॉक्टरांकडे मुलगा किंवा सून बरोबर असली की काका गप्प होतात. बरोबरच्यांना दोन मिनिटं बाहेर थांबायला सांगा. तरी जीभ रेटत नसेल तर मी काकांना कागद-पेन देतो : गोळीचं नाव, कधी सुरू केली, तिन्हींपैकी काय बदललं, कधीपासून. एवढ्या चार ओळी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा.