ठाण्यात बसून चेरोकी आणि अमेरिकी सरकार यांचा पत्रव्यवहार कसा शोधायचा

आधी साल ठरवा. खातं त्यावरून ठरतं. १८२४ पासून चेरोकी या अमेरिकेतल्या मूळनिवासी जमातीचा कारभार युद्धखात्यातल्या ‘इंडियन’ म्हणजे मूळनिवासींच्या कार्यालयाकडे होता, १८४९ मध्ये तो अंतर्गत (इंटीरियर) खात्याकडे गेला. दोन्ही काळांतल्या या कार्यालयाची दफ्तरं अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात ‘रेकॉर्ड ग्रुप ७५’ या दफ्तर-गटात आहेत. मात्र मंजूर झालेले करार ग्रुप ११ मध्ये आहेत. नोव्हेंबर १८०० मध्ये युद्धखात्याचं कार्यालय जळालं, त्यामुळे त्याआधीचे कागद फार विरळ सापडतात.

कार्यालयाकडे आलेली पत्रं एम-२३४ या मायक्रोफिल्म मालिकेत आहेत: १८२४ ते १८८१, एकूण ९६२ रिळं. बहुतेकांचा वेळ वाया जातो तो इथेच. ही पत्रं बहुतांशी विषयवार लावलेली नाहीत. आधी एजन्सी (म्हणजे जमातीसाठीचं सरकारी स्थानिक कार्यालय), मग वर्ष, मग पाठवणाऱ्याच्या आडनावाचं आद्याक्षर. १८३६ पूर्वी ‘चेरोकी पूर्व’ आणि ‘चेरोकी पश्चिम’ असे दोन गठ्ठे वेगळे आहेत. १८३८ मध्ये चेरोकींना त्यांच्या पूर्वेकडच्या भूमीतून हाकललं, त्या हकालपट्टीसाठी ‘स्थलांतर’ हा स्वतंत्र गठ्ठा बघायलाच हवा, तो सुटला तर अर्धी हकिकत हातून निसटते.

या हकालपट्टीचा आधार ठरलेला न्यू एकोटाचा करार २९ डिसेंबर १८३५ चा. त्याला विरोध करणारा चेरोकींचा प्रमुख जॉन रॉस ‘कूवेस्कूवी’ या नावानेही येतो, म्हणून दोन्ही नावं शोधा.

प्रत्येक प्रतिमेसोबत मालिका, रीळ आणि फ्रेम क्रमांक लगेच टिपून ठेवा. वॉशिंग्टनला फोन करायचा तर उन्हाळ्यात ठाण्यातले संध्याकाळचे साडेसात म्हणजे तिथले सकाळचे दहा.