मुंबई–लंडन जाताना जास्त वेळ, येताना कमी: हा फरक कसा मोजावा

मुंबईहून लंडनला पोहोचायला जेवढा वेळ लागतो, त्यापेक्षा परतीला साधारण तासभर कमी लागतो. तिकिटावर हे सहज लक्षात येत नाही, कारण दोन्ही शहरांची घड्याळं वेगळी असतात. पण कागद-पेन घेऊन बसलात तर पाच मिनिटांत उलगडा होतो.

आधी घड्याळाचा फरक बाजूला काढा. तिकिटावर सुटण्याची वेळ मुंबईची, तर पोहोचण्याची लंडनची असते. हिवाळ्यात लंडन आपल्या साडेपाच तास मागे असतं. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं तासभर पुढे करतात. तेव्हापासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत हे अंतर साडेचार तासांचं. पश्चिमेला जाताना ते मिळवायचं, पूर्वेला येताना वजा करायचं.

समजा, जानेवारीत विमान मुंबईहून दुपारी १ला सुटून लंडनला संध्याकाळी ५.३०ला पोहोचतं. दिसतात साडेचार तास. त्यात साडेपाच मिळवले की १० तास. परतीचं विमान रात्री ९ला सुटून दुसऱ्या दिवशी सकाळी ११.३०ला मुंबईत. दिसतात साडेचौदा, प्रत्यक्षात ९.

आता उरलेल्या तासाचं कारण वाऱ्यात शोधा. जमिनीपासून ९ ते १२ किलोमीटर उंचीवर, म्हणजे प्रवासी विमानं उडतात त्याच थरात, पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. वेग कधी ताशी २०० किलोमीटरच्याही वर जातो. विमान ताशी ९०० किलोमीटरने उडतं ते भोवतालच्या हवेच्या तुलनेत. ती हवाच पुढे सरकत असेल तर जमिनीवरचं अंतर लवकर कापलं जातं.

पृथ्वी खालून फिरते म्हणून फरक पडतो, हे आपण अनेकदा ऐकतो. ते चूक आहे, आणि मुलांना तरी असं सांगू नये. हवा पृथ्वीबरोबरच फिरत असते. पृथ्वीच्या फिरण्याचा संबंध आहे तो एवढाच की त्यामुळे या वाऱ्यांना पूर्वेची दिशा मिळते.

मग आकडे घालून पाहा. मुंबई–लंडन अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. वारा नसेल तर ताशी ९००ने बरोबर ८ तास. ताशी १०० किलोमीटरचा वारा समोरून आला तर वेग ८०० उरतो: ९ तास. तोच पाठीमागून असेल तर १,०००: ७ तास १२ मिनिटं. बेरीज १६ तासांची नाही, १६ तास १२ मिनिटांची होते. जाताना गमावलेला वेळ परतीला पूर्ण भरून निघत नाही, कारण समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ राहतं. या हिशेबातली हीच गोष्ट मला सगळ्यात आवडते. तिकिटावरची वेळ याहून जास्त असते. प्रत्यक्ष मार्ग थोडा वळसा घेतो, शिवाय धावपट्टीपर्यंतचं जाणं, रांग आणि उतरण्याआधी आकाशात घातलेल्या घिरट्याही त्यात धरलेल्या असतात.

नकाशावरचा मार्गही तपासा. जवळचा रस्ता नेहमी लवकरचा नसतो. एअर इंडियाने २०१६मध्ये दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेलं. अंतर सुमारे १,४०० किलोमीटरने वाढलं, तरी पाठीवर वारा मिळाल्याने वेळ कमी लागला.

ऋतूही बघा. जेट प्रवाहाचा एक पट्टा हिवाळ्यात उत्तर भारतावर असतो आणि पावसाळ्यात हिमालयापलीकडे सरकतो. म्हणून दिल्ली–गुवाहाटीसारख्या मार्गावर जाण्या-येण्यातला फरक जानेवारीत जास्त जाणवतो. मुंबई–गोव्यासारख्या छोट्या प्रवासात मात्र वाऱ्यापेक्षा विमानतळावरची गर्दीच वेळ ठरवते.

तिकीट काढताना याचा उपयोग असा: थंडीत पश्चिमेकडे निघालात आणि पुढे दुसरं विमान पकडायचं असेल, तर मधला वेळ सढळ ठेवा. समोरचा वारा नेहमीपेक्षा जोरात असेल तर पहिलं विमान उशिरा पोहोचू शकतं. विमानात बसल्यावर आसनासमोरच्या पडद्यावर जमिनीच्या तुलनेतला वेग दिसत असेल, तर दोन्ही वेळा तो टिपून घ्या.